ओपिनेल ८ की पायोनियर: खिशातल्या जागेचा निकाल

मंडळी, रोज खिशात बाळगायला एकच चाकू निवडायचा होता, यादी दोनवर आली होती, तिथून पुढे. एकीकडे ओपिनेल क्रमांक ८, फ्रेंच घडीचा चाकू, कार्बन पोलादाचा. दुसरीकडे व्हिक्टोरिनॉक्सचा पायोनियर, अनेक अवजारं असलेला स्विस चाकू, चंदेरी अ‍ॅलॉक्स (म्हणजे खडबडीत नक्षीच्या अ‍ॅल्युमिनियमच्या) मुठीचा. दोन्ही आलटून पालटून खिशात बाळगले, दोन्हींना एकाच दगडावर, प्रत्येक बाजूला साधारण १५ अंश धरून धार लावली आणि मगच तुलना केली. कारखान्यातून आलेल्या धारेवर चाकूची परीक्षा करण्यात अर्थ नसतो, ती धार लावणाऱ्याची परीक्षा होते.

आधी ओपिनेल. जोसेफ ओपिनेलने फ्रान्समधल्या सॅव्हॉयच्या डोंगराळ भागात १८९० मध्ये हा चाकू करायला घेतला, १८९७ पर्यंत त्याची १ ते १२ क्रमांकांची मालिका झाली. त्यातला ८ म्हणजे साडेआठ सेंटीमीटर पात्याचा. पातं, लाकडी मूठ, एक खिळा आणि तोंडाशी दोन कड्या, झाला चाकू. फिरणारी कडी १९५५ मध्ये आली. ती वळवली की उघडं पातं अडकून बसतं. २००० पासून तीच कडी मिटलेलं पातंही धरून ठेवते, आणि खिशात बाळगणाऱ्याच्या दृष्टीने ही दुसरी सोय पहिलीपेक्षा मोलाची.

कापण्यात ओपिनेलपुढे पायोनियरचं काही चालत नाही. जाड पुठ्ठ्यात लांब काप घेताना हे लगेच कळतं. ओपिनेलचं पातं पाठीकडून धारेकडे हलक्या फुगवट्याने उतरत जातं आणि धारेच्या मागे फारच कमी जाडी उरते. त्यामुळे पुठ्ठा दोन्ही बाजूंनी पात्याला आवळत नाही, हात सरळ चालत राहतो. पायोनियर त्याच पुठ्ठ्यात सुरुवात छान करतो, मग मध्येच अडखळतो. धार बोथट झाली असं वाटतं, पण बाहेर काढून वर्तमानपत्राचा कागद कापला तर तो सुर्रकन फाकतो. म्हणजे दोष धारेचा नाही, तिच्या मागच्या जाडीचा.

धार लावण्यातही कार्बन पोलाद लाडकं. दगडावर काही फेऱ्यांत काठावर बर (घासताना पलीकडे वळलेली धातूची बारीक कड) उठते, दोन-चार हलक्या हातांत सुटते, चामड्याच्या पट्ट्यावर ओढलं की काम संपलं. पायोनियरचं पोलाद स्टेनलेस, सुमारे अर्धा टक्का कार्बन आणि १५ टक्के क्रोमियम, कडकपणा रॉकवेल मापात ५६ च्या आसपास. त्याची बर चिवट असते. इकडून घासली की तिकडे वळते, तिकडून घासली की इकडे. शेवटच्या फेऱ्या अगदी वजन न देता, बाजू बदलत घेतल्या तरच ती पडते. ही बर तशीच राहून गेली की पहिल्या दिवशी वस्तऱ्यासारखी वाटणारी धार दुसऱ्या दिवशी गायब होते आणि लोक पोलादाला नावं ठेवतात.

इथवर वाचून ओपिनेल जिंकला असं वाटत असेल. टेबलावर तोच जिंकला.

खिसा ही वेगळी जागा आहे. मिटलेला ओपिनेल ११ सेंटीमीटर लांब, गोलसर मुठीचा. वजन ५० ग्रॅमच्या आतबाहेर, त्यामुळे जाणवत नाही, पण बसलं की आडवा फिरतो आणि मांडीच्या घडीत टोचतो. पायोनियर ९ सेंटीमीटरच्या थोडा वर, चपटा, जड आहे तरी खिशाच्या तळाशी गपगुमान पडून राहतो. वजनापेक्षा आकार महत्त्वाचा, हे मी ऐकून होतो, आता पटलं.

मग लाकूड. घाम, पाऊस, ओले हात, कशानेही खिळ्याजवळचं लाकूड फुगतं आणि पातं नखाने ओढून निघत नाही. त्यावर जुनी युक्ती आहे: मुठीचं मागचं टोक कठीण पृष्ठभागावर ठोकायचं, पातं थोडं बाहेर डोकावतं, मग चिमटीत धरून उघडायचं. घरी ठीक. चार लोकांत चाकू ठोकत बसायला मला तरी संकोच वाटतो. उपाय म्हणून कडी काढली, खाचेच्या आतल्या भिंती बारीक सँडपेपरने हलक्या घासल्या आणि सांध्यात जवसाचं तेल मुरवलं. फरक बराच पडला. पण दमट हवेत सांधा अजूनही जरा कुरकुरतो आणि कोरड्या हवेत गरजेपेक्षा सैल होतो.

पात्यावर पटिना, म्हणजे गंज रोखणारा गडद थर, आणला, व्हिनेगरमध्ये भिजवलेला कागद गुंडाळून. निळसर-करडे पट्टे सुरेख उमटले आहेत, आणि नव्या लखलखीत पात्यापेक्षा हे पातं गंजायला नक्कीच सावकाश आहे. तरी फळ कापून न पुसता मिटायची सोय नाही. शिवाय चिकटपट्टीचा गोंद. तो धारेलगत बारीक रेघेसारखा बसतो, त्यावर खिशातली लव चिकटते, आणि पुढच्या वेळी पातं कागदातून जाताना खरखर ऐकू येते. बोटावर तेलाचा थेंब घेऊन चोळला की सुटतो. पायोनियरलाही हे होतंच, पण तो सरळ साबणाच्या पाण्यात खळबळून झटकता येतो. लाकडी मुठीला ती चैन नाही.

निकाल लावला तो मात्र एका वेगळ्याच गोष्टीने. दिवसभरात चाकू कशाला लागतो ते बघायला लागलो, तर दोरा, पाकीट, चिकटपट्टी, प्लास्टिकचा बंध. दोन सेकंदांची कामं. त्यासाठी ओपिनेलची कडी सोडवा, दोन हातांनी उघडा, कडी वळवा, कापा, परत सोडवा, पुसा, मिटा, परत वळवा. अर्ध्या वेळा मी दातांनी दोरा तोडून मोकळा व्हायचो. पायोनियरला लॉक नाही, नुसती पाठीची स्प्रिंग, त्यामुळे उघडला, कापलं, मिटला. लॉक नसल्याने टोकावर जोर देऊन भोसकायचं काम त्याच्याकडून घ्यायचं नाही, पातं बोटांवर मिटू शकतं. त्यासाठी त्यात टोच्या आहे. कमरेच्या पट्ट्याला जास्तीचं भोक पाडताना तो गोल गोल फिरवला की कडा स्वच्छ निघते. डबा उघडायच्या पात्याचं टोक चौफुलीच्या छोट्या स्क्रूंनाही चालतं, हे तर बोनस.

आणखी एक, ज्यांना प्रवासात न्यायचा असेल त्यांच्यासाठी: लॉक असणं-नसणं हा कायद्याचाही प्रश्न होतो. ब्रिटनमध्ये तीन इंचांपेक्षा कमी धारेचा, लॉक नसलेला घडीचा चाकू कारणाशिवाय जवळ बाळगता येतो, लॉकवाल्याला सबळ कारण लागतं. पायोनियर त्या मर्यादेत बसतो, ओपिनेल ८ दोन्ही बाजूंनी बाहेर. विमानात हातातल्या सामानात अर्थात दोन्ही नकोत.

तर खिसा पायोनियरला. स्विस सैनिकांकडे १९६१ च्या नमुन्यापासून २००८ पर्यंत जो अ‍ॅलॉक्स चाकू असायचा त्याचाच हा नागरी भाऊ, त्यामुळे दगदग सोसेल याची काळजी नाही. ओपिनेल टेबलाच्या खणात गेला आहे आणि पुठ्ठ्याची मोठी कामं त्याच्याकडेच राहतील.

पुढचा उद्योग ठरलाय: पायोनियरच्या धारेमागची जाडी उतरवायची. दोन्ही बाजूंनी १२ अंशांच्या आसपास खांदे (धारेमागचा जाड भाग) घासून मग काठाला १५ ची बारीक धार ठेवायचा विचार आहे. एवढ्या मऊ पोलादाला ते झेपेल की धार लोळेल, हे करूनच कळेल. सुरुवात ४०० ग्रिटच्या (भरड) दगडावरून करावी की थेट १००० च्या (बारीक) दगडावरून, ज्यांनी केलंय त्यांनी सांगा. तोवर मी पात्याच्या बाजूंना चरे पडू नयेत म्हणून टेप लावून ठेवतो.