अकरावा नग

"तुमची बॅग जरा सरकवू का?"

विमानतळावरून शहराकडे निघालेली गाडी, टळटळीत दुपार, डबा अर्धा रिकामा. दाराजवळच्या सामानाच्या कप्प्यात एक जांभळी बॅग ऐसपैस आडवी पडली होती आणि समोरचे गृहस्थ आपल्या दोन थोराड बॅगा घेऊन तिथे खोळंबले होते.

"माझी नाही ती," मी म्हटलं.

"मग तुमची कुठली?"

"मला बॅगच नाही."

यावर त्यांनी माझ्याकडे जे पाहिलं ते मी बराच वेळ विसरले नाही. त्यात राग नव्हता, संशयही म्हणता येणार नाही. बिनबॅगेची बाई या गाडीत करतेय काय, एवढाच साधा प्रश्न होता. मलाही तो पटला. एरवीच्या गाडीत कुणी रिकाम्या हाताने बसलं तर कुणाच्या लक्षातही येत नाही. या गाडीत मात्र माणूस बॅगेवरून ओळखला जातो. बॅगेला नवी कोरी पट्टी अडकवलेली असेल तर तो आत्ताच उतरलाय, नसेल तर निघालाय. बॅगच नसेल तर तो विमानतळावर कामाला आहे. नाहीतर कुणालातरी सोडून आलाय.

मी लेकीला सोडून आले होते.

अगदीच रिकामी नव्हते म्हणा, हातात तिची छत्री होती. आदल्या रात्री बॅगेच्या वजनावरून घरात जे महाभारत झालं त्याची ती शेवटची बळी. तेवीस किलोची मर्यादा आणि हातात धरून लटकवायचा तो काटा सारखा चोवीसच्या आसपास घुटमळणारा. आधी एक शाल निघाली, मग दोन पुस्तकं, मग बूट बॅगेतून निघून पायात गेले. तरीही काउंटरवर चारशे ग्रॅम जास्त भरलेच. तिने रांगेतच बॅग उघडली, हात घालून पहिली हाताला लागली ती छत्री उपसली आणि मला दिली. "तिकडे घेईन दुसरी." एवढंच. निरोपाचं भाषण मी तीन दिवस मनात घोळवत होते, ते छत्री हातात आल्यावर राहूनच गेलं. छत्री धरलेल्या बाईला गंभीर काही बोलता येत नाही.

तर त्या गृहस्थांच्या नजरेनंतर मी काय केलं, तर उठले आणि ती छत्री सामानाच्या कप्प्यात नेऊन ठेवली. जांभळ्या बॅगेच्या शेजारी, नीट, मूठ वर करून. आपणही रीतसर प्रवासी आहोत हे दाखवायला माणूस काय काय करतो!

या कप्प्याचं एक दुखणं आहे. तो तुमच्या बसायच्या जागेपासून नेमका इतका लांब असतो की बॅग दिसते, पण हात पोचत नाही. त्यामुळे अख्खी गाडी खिडकीबाहेर न बघता दाराकडे बघत बसलेली असते. स्थानक आलं की माना वळतात, दार लागलं की सैल होतात. हाँगकाँगने यावर तोडगा काढला. तिथली विमानतळाची गाडी १९९८ साली सुरू झाली तेव्हापासून शहरातल्या स्थानकातच बॅग विमान कंपनीच्या हवाली करून टाकायची सोय आहे. पुढे हात हलवत गाडीत बसायचं. सोय झकास आहे, पण मला जमेल असं वाटत नाही. बॅग डोळ्यांआड झाली की मला बसवत नाही. हे आईकडून आलंय.

आई सामान मोजायची. सामान नव्हे, नग. "एकूण किती नग?" हा आमच्या प्रवासाचा मंगलाचरणाचा श्लोक. घरातून निघताना मोजणी, स्थानकावर हमालाच्या डोक्यावर चढवताना मोजणी, डब्यात बाकाखाली सारल्यावर मोजणी. त्यात पांढऱ्या रंगात वडलांचं नाव लिहिलेली काळी ट्रंक, पट्ट्याची वळकटी, दोन पिशव्या ज्यांचे बंद एकमेकींना बांधलेले, आणखी काय काय. दहा नग. आणि अकरावी मी. धाकटा कडेवर असायचा, म्हणून तो आईच्यातच धरला जाई. वडील मोजणीत नव्हते, ते सामान उचलणाऱ्यांत होते.

एकदा रात्री दोन-अडीचला कुठल्याशा जंक्शनवर गाडी बदलायची होती. थंडी मरणाची. सामान फलाटावर रचून आईने बोट नाचवत मोजलं आणि दहाच भरले. पुन्हा मोजलं. दहा. वडील आधीच्या गाडीकडे धावले, ती सुटायच्या बेतात होती, डब्यात चढून बाकाखाली कंदिलासारखी बॅटरी फिरवून आले. काही नाही. आई तोवर वळकटी, पिशवी असं एकेका नगाला हात लावून पुन्हा मोजत होती आणि तिचा आवाज चढत चालला होता. शेवटी हमालाने ट्रंकेवरची शाल उचलली. खाली मी. ट्रंकेवरच मुटकुळं करून झोपले होते, वर कुणीतरी शाल टाकली होती, आणि ट्रंक नि मी मिळून आईने एकच नग धरला होता.

आई हसली नाही. तिने मला उभं केलं, माझ्या डोक्यावर जरा जोरातच हात ठेवला आणि म्हणाली, "अकरा."

यावर मला पुढे काहीतरी म्हणायचं होतं. गाडीत बसल्या बसल्या ते अगदी स्पष्ट सुचलंही होतं. आता आठवत नाही.

माझं एक खूळ आहे. कुठल्याही नव्या शहरी जायचं ठरलं की लोक हॉटेल बघतात, हवामान बघतात. मी बघते विमानतळावरून आत शिरायची गाडी. किती स्थानकं, कुठे बदलायची, मधे उन्नत मार्ग आहे की भुयार. "टॅक्सी करू ना सरळ," असं घरातलं कुणीतरी म्हणतंच आणि मी कानाआड करते. टॅक्सी तुम्हाला शहराच्या पुढच्या दाराने नेते, फुलझाडं लावलेल्या रस्त्याने. गाडी मागच्या अंगाने शिरते. वाळत घातलेले कपडे, गच्चीवरच्या टाक्या, गॅलरीत टाकून दिलेली तीन पायांची खुर्ची, कारखान्याची रंग न दिलेली भिंत. नव्या ओळखीत माणूस जे सगळ्यात शेवटी दाखवतो, ते इथे पहिल्या दहा मिनिटांत दिसतं.

शांघायला मात्र माझं खूळ माझ्यावरच उलटलं. तिथे चुंबकावर तरंगत जाणारी चाकं नसलेली गाडी आहे, विमानतळापासून तीस किलोमीटर. आम्ही गेलो तेव्हा दाराच्या वरच्या पाटीवर वेगाचे आकडे चढत होते. दोनशे, तीनशे, चारशे, आणि शेवटी ४३१. अख्खा डबा फोन वर करून त्या पाटीचे फोटो काढत होता. खिडकीबाहेर कुणी बघेना, मीही नाही. बघून तरी काय दिसणार होतं? सात-आठ मिनिटांत खेळ खलास. आणि एवढी धावाधाव करून गाडीने सोडलं कुठे, तर लाँगयांग रोडला. शहराचा मध्य तिथून बराच पुढे. मग आम्ही बॅगा ओढत, साध्या मेट्रोच्या रांगेत. एखाद्याने धावत येऊन महत्त्वाचा निरोप सांगावा आणि तो शेजारच्या घरचा निघावा, तसं झालं.

लंडनच्या हीथ्रोला दोन्ही तऱ्हा आहेत. १९९८ पासूनची एक्सप्रेस पंधरा मिनिटांत पॅडिंग्टनला नेऊन टाकते. आणि १९७७ सालापासून विमानतळाच्या पोटात शिरलेली पिकॅडिली लाइन, तिला मध्यावर पोचायला पाऊण तासाच्या वर लागतो, कारण ती प्रत्येक स्थानकाशी बोलून पुढे जाते. मी दुसरीतली. पैशांसाठी, असं घरच्यांना सांगते. खरं कारण असं, की पहिल्या चार-सहा स्थानकांपर्यंत डब्यात फक्त बॅगावाले असतात, आणि मग एका स्थानकावर दार उघडतं नि त्या शहरातली माणसं आत येतात. कामावरून सुटलेली, फोनवर कुणाशी तरी भांडत असलेली, दप्तराच्या ओझ्याने वाकलेली मुलं. त्यांना तुमच्या परदेशवारीशी काही कर्तव्य नसतं. तुमची बॅग त्यांच्या पायात येते आणि ती कपाळाला आठी घालतात. ती आठी मला फार आवडते. शहराने केलेलं पहिलं स्वागत तेच. विमानतळावरच्या पाट्यांवर पंचवीस भाषांत लिहिलेलं स्वागत मी हिशेबात धरत नाही.

विमानतळाला रूळ नेऊन भिडवायचे ही कल्पना तशी जुनी. बर्लिनला टेंपलहोफ विमानतळाजवळ १९२७ सालीच भुयारी गाडीचं स्थानक झालं, नावही 'विमानतळ'च. पुढे स्थानकाचं नाव बदललं, २००८ साली विमानतळच बंद झाला, आणि आता त्या धावपट्टीवर लोक सायकली चालवतात, पतंग उडवतात. गाडी मात्र रोज थांबते. जपानात नरिताला याच्या बरोबर उलटं. विमानतळ १९७८ साली उघडला, त्याच्या खाली गाडीसाठी स्थानकाची जागाही बांधून तयार, पण जी बुलेट ट्रेन तिथे यायची होती तिचा बेतच बारगळला. तेरा वर्षं ते फलाट अंधारात बसून राहिले. १९९१ साली त्यातून दुसऱ्याच गाड्या सुरू झाल्या. त्या तेरा वर्षांच्या रिकाम्या फलाटाचा मी उगाचच फार विचार केलेला आहे. वर विमानं उतरतायत, चढतायत, आणि खाली हा आपला वाट बघतोय.

फलाटावरून आठवलं. या गाडीला निरोप द्यायला कुणी येत नाही. लहानपणी गाडी हलली की फलाट पण हलायचा. खिडकीच्या गजातून हात धरलेली माणसं बरोबर चालायची, मग भराभर चालायची, मग धावायची, आणि फलाट संपायच्या आत हात सोडायचा हे दोघांनाही न सांगता कळायचं. "पोचल्यावर पत्र टाक" हे वाक्य अर्धं फलाटावर नि अर्धं गाडीत ऐकू यायचं. विमानतळाच्या गाडीचं दार आवाज न करता लागतं, खिडकी उघडत नाही. ज्यांना रडायचंय ते आधी रडून आलेले असतात किंवा पुढे तपासणीच्या दारापाशी रडणार असतात. गाडी तेवढी कोरडी. जातीच्या गाडीत निघालेले पासपोर्ट चाचपतायत, येतीच्या गाडीत आलेले पेंगतायत, आणि समोरासमोर बसूनही कुणी कुणाला विचारत नाही की बाबा, तिकडे कसं काय आहे.

माझ्या समोरचे गृहस्थ पेंगायला लागले होते. त्यांच्या दोन बॅगांवर त्यांच्या वतीने मीच लक्ष ठेवून होते. न सांगता.

तेवढ्यात फोन वाजला. लेक. 'तपासणी झाली. गेटपाशी बसलेय. तू पोचलीस का?'

मी लिहिलं, 'अजून तीन स्थानकं.'

'पोचलीस की कळव.'

हे वाक्य माझं होतं! तिला विमानात बसल्यावर पाठवायला मी ते राखून ठेवलं होतं. मी 'बरं' लिहिलं. मग ते पुसून 'हो गं बाई' लिहिलं.

शेवटचं स्थानक आलं तशी डब्यात एकच झुंबड उडाली. जांभळ्या बॅगेची मालकीण अखेर उगवली, पाठीमागून, झोपेतून उठलेली पोरगी. गृहस्थ दचकून जागे झाले, एक बॅग ओढली, दुसरी ओढली, खिसा चाचपला, पुन्हा आत वळून बाकावर बघितलं. मोजणारा माणूस लगेच ओळखू येतो. मला मोजायचं काही नव्हतंच. मी सगळ्यांच्या आधी, हात हलवत, एखाद्या राणीसारखी उतरले आणि सरकत्या जिन्याकडे चालू लागले. एवढी मोकळी मी कुठल्याच स्थानकावर उतरले नसेन.

जिन्यावर निम्म्यात छत्री आठवली.

वरून फलाट दिसत होता. ही गाडी वळत नाही. चालक या टोकाकडून त्या टोकाला चालत जातो आणि जी शेपटी होती तिचं तोंड होतं. दारं लागली. मी खाली उतरणाऱ्या जिन्याकडे जाईपर्यंत गाडी हललीही. डबे एकेक करून समोरून गेले, आणि एका दाराजवळच्या कप्प्यात, आता सगळ्या बॅगा उतरल्यामुळे अगदी एकटी, मूठ वर करून नीट उभी, ती विमानतळाकडे परत निघाली होती.

लेकीला कळवलं, 'पोचले.'

छत्रीचं काही सांगितलं नाही.