जेमफाइल.लॉक पुसण्याआधी हे वाचा

रेल्स अ‍ॅप सर्व्हरवर चढेना की पहिला सल्ला ठरलेला असतो: 'लॉक फाइल उडव आणि पुन्हा बंडल इन्स्टॉल मार.' याच्याइतका महागात पडणारा सल्ला दुसरा नाही. रेल्स ही रुबी भाषेतली वेब-ॲपची चौकट, जेम म्हणजे रुबीतल्या तयार कोडचं पॅकेट, जेमफाइल ही लागणाऱ्या जेमची यादी आणि बंडलर ते बसवणारं साधन. कोणत्या जेमची नेमकी कोणती आवृत्ती चालत होती, याची एकमेव नोंद त्या फाइलमध्ये असते. ती गेली की बंडलर जेमफाइलमध्ये बसेल ती सगळ्यात नवी आवृत्ती उचलतो. मघाशी एक जेम रुसलं होतं, आता चाळीस जेम एकदम बदलले, आणि त्यातला कोणता चावला हे शोधायला हाताशी काहीच नाही.

हे लिहिताना डोळ्यासमोर आहे ते निफाड-दिंडोरीकडच्या एखाद्या द्राक्ष पॅकहाऊसचं अ‍ॅप, नाहीतर पिंपळगावच्या कांदा व्यापाऱ्याचं बिलिंग. रेल्स ६ किंवा ७.०, एक जीबीचा भाड्याचा सर्व्हर, उबंटू, पुढे एनजिनएक्स (ब्राउझरची विनंती घेणारा वेब सर्व्हर), मागे प्युमा (रेल्स चालवणारा सर्व्हर), कॅपिस्ट्रानो या साधनाने डिप्लॉय, म्हणजे नवा कोड सर्व्हरवर चढवणं. कुबरनेटिस (अनेक सर्व्हर सांभाळणारी यंत्रणा) वगैरे असलेल्यांनी इथून पुढे वाचलं नाही तरी चालेल.

लॉक पुसल्याने काय होतं याचा ताजा नमुना जानेवारी २०२५ चा. 'कन्करंट-रुबी' या जेमची १.३.५ आवृत्ती आली आणि तिने आतून 'लॉगर' (रुबीची नोंदी लिहिणारी लायब्ररी) लोड करणं बंद केलं. रेल्स ७.० आणि त्याआधीच्या रेल्सचा भाग असलेलं अ‍ॅक्टिव्हसपोर्ट नेमकं त्याच्याच भरवशावर होतं. लॉगर आपण स्वतः मागवायला हवा, हे तिथे लिहिलेलंच नव्हतं. त्यामुळे लॉक पुसणाऱ्यांची आणि 'बंडल अपडेट' सरसकट मारणाऱ्यांची अ‍ॅप बूट होतानाच 'अनइनिशियलाइज्ड कॉन्स्टंट अ‍ॅक्टिव्हसपोर्ट::लॉगरथ्रेडसेफलेव्हल::लॉगर' म्हणत कोसळली. एरर रेल्सचं नाव घेते, दोष रेल्सच्याही खाली बसलेल्या जेमच्या बदलात, आणि आपल्या कोडमध्ये एक अक्षर बदललेलं नाही. इलाज दोन. जेमफाइलमध्ये कन्करंट-रुबी १.३.४ ला बांधून टाका, किंवा कॉन्फिग/बूट.आरबी मध्ये बंडलर सेटअपच्या ओळीनंतर 'रिक्वायर "लॉगर"' अशी एक ओळ घाला. दुसरा मला जास्त पटतो; बांधलेली आवृत्ती सोडवायची आठवण नंतर कुणालाच राहत नाही. रेल्स ७.१ पासून पुढे ही अडचणच नाही.

अशा वेळी शोध कसा घ्यायचा? गिटमध्ये (कोडमधल्या बदलांच्या नोंदी ठेवणारं साधन) लॉक फाइलचा डिफ, म्हणजे दोन नोंदींमधला फरक, बघा: शेवटच्या चालत्या डिप्लॉयचा कमिट आणि आत्ताचा. बदललेल्या ओळी पाच-दहा असतील तर निम्मं काम झालं. डिफ दोनशे ओळींचा असेल तर जुनी लॉक फाइल परत आणा आणि हवं ते एकच जेम हलवा: 'बंडल अपडेट --कन्झर्व्हेटिव्ह नोकोगिरी' (नोकोगिरी हे एक्सएमएल वाचणारं जेम). 'कन्झर्व्हेटिव्ह' लावलं की त्या जेमसोबत इतरही वापरत असलेल्या खालच्या जेमना बंडलर हात लावत नाही. सुरक्षा-दुरुस्तीसाठी एखादं जेम चढवायचं असेल तर हीच रीत.

लॉक जपूनही एकदा सगळे अडले होते, तेही सांगायला हवं. मार्च २०२१ मध्ये 'माइममॅजिक' जेमच्या जुन्या आवृत्त्या परवान्याच्या भानगडीमुळे रुबीजेम्सवरून (जेम जिथून उतरवतात ते संकेतस्थळ) मागे घेतल्या गेल्या. आत वापरलेला डेटा जीपीएल या कडक परवान्याचा होता आणि जेम मात्र सैल एमआयटी परवान्याखाली होतं. लॉकमध्ये ०.३.५ लिहिलेलं आणि दुकानात तो मालच नाही. रेल्सने ५.२.५, ६.०.३.६ आणि ६.१.३.१ काढून त्या जेमवरचं अवलंबनच संपवलं. ज्यांनी 'बंडल कॅश' करून जेमच्या फाइली व्हेंडर/कॅश मध्ये ठेवल्या होत्या त्यांचं मात्र काही अडलं नाही. रेपो (गिटमधला कोडचा साठा) जड होतो हे खरं, पण वर्षातून दोनदाच हात लागणाऱ्या अ‍ॅपसाठी हा सौदा मला परवडणारा वाटतो.

आता मॅकवाल्यांची नेहमीची रड. सर्व्हरवर बंडलर सांगतो की तुमचं बंडल फक्त 'एआरएम६४-डार्विन' (नव्या मॅकचा प्लॅटफॉर्म) साठी आहे आणि हे यंत्र 'एक्स८६_६४-लिनक्स' आहे. लॅपटॉपवर 'बंडल लॉक --अ‍ॅड-प्लॅटफॉर्म एक्स८६_६४-लिनक्स' चालवा, लॉक कमिट करा, संपलं. सर्व्हरवर जाऊन लॉक बदलू नका. तिथे 'डिप्लॉयमेंट' सेटिंग चालू असेल तर बंडलर बदलू देणारही नाही, आणि ते योग्यच आहे. या एका ओळीचा दुसरा फायदा जास्त मोठा. नोकोगिरी १.११ पासून आयतं बांधलेलं मिळतं, पण लॉकमध्ये तो प्लॅटफॉर्म असेल तरच. नसेल तर एक जीबीच्या बिचाऱ्या सर्व्हरला लिबएक्सएमएल२ ही त्याची सी भाषेतली लायब्ररी स्वतः कम्पाइल करत बसावं लागतं. अल्पाइन (छोटं लिनक्स) इमेज वापरत असाल तर तिथे ग्लिबसी ही सी भाषेची नेहमीची मूळ लायब्ररी नाही, मसल आहे. त्याचा प्लॅटफॉर्म वेगळा लिहावा लागतो. छोट्या अ‍ॅपला अल्पाइनचा हट्ट कशाला, हे मला कधी कळलेलं नाही.

'फेल्ड टू बिल्ड जेम नेटिव्ह एक्स्टेन्शन' (जेममधला सी कोड कम्पाइल झाला नाही) दिसलं की लोक शेवटची ओळ गुगलवर टाकतात. शेवटची ओळ कामाची नसते. तिच्या आसपास 'एमकेएमएफ.लॉग' चा पूर्ण पत्ता छापलेला असतो, ती फाइल उघडा. कोणती हेडर फाइल सापडली नाही ते तिथे साफ लिहिलेलं असतं. पोस्टग्रेस डेटाबेसच्या पीजी जेमला 'लिबपीक्यू-डेव्ह' लागतं, मायएसक्यूएल२ ला 'डिफॉल्ट-लिबमायएसक्यूएलक्लायंट-डेव्ह'. रुबी ३.२ पासून लिबयामल (यामल फाइली वाचणारी लायब्ररी) रुबीसोबत येत नाही, त्यामुळे रुबी बांधण्याआधी 'लिबयामल-डेव्ह' टाकायचं. नाहीतर रुबी बांधताना 'सायक' (रुबीतला यामल वाचणारा भाग) मागे राहतं आणि बंडलरच धड चालत नाही.

रुबीची आवृत्ती आणि उबंटूची आवृत्ती यांचं लग्न आधी जुळवून घ्या. उबंटू २२.०४ वर ओपनएसएसएल (एन्क्रिप्शनची लायब्ररी) ३ आहे, आणि रुबी ३.० किंवा त्याआधीची त्याच्याशी कम्पाइल होत नाही, ३.१ पासून जमतं. म्हणून जुन्या अ‍ॅपसाठी नवा सर्व्हर घेतला की पहिला धक्का इथेच बसतो. आरबीएन्व्ह (रुबीच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन) वापरत असाल तर आधी त्याचं रुबी बांधणारं रुबी-बिल्ड ताजं करा. ते जुन्या रुबीसाठी ओपनएसएसएल १.१.१ वेगळं बांधून घेतं. जावास्क्रिप्ट बांधायला वेबपॅकर आणि वेबपॅक ४ वर असाल तर हाच घोळ नोड.जेएस १७ पासून 'ईआरआर_ओएसएसएल_ईव्हीपी_अनसपोर्टेड' या नावाने येतो. 'नोड_ऑप्शन्स' मध्ये 'ओपनएसएसएल-लेगसी-प्रोव्हायडर' देऊन ढकलता येतं, पण ती मलमपट्टी.

उलट्या बाजूनेही चटके आहेत. रुबी ३.१ वर गेलं की 'नेट/एसएमटीपी सापडत नाही' येतं, कारण नेट-एसएमटीपी, नेट-आयमॅप, नेट-पॉप हे रुबीच्या डिफॉल्ट जेममधून बाहेर काढले. जेमफाइलमध्ये तिन्ही लिहा. त्याच आवृत्तीत यामल वाचणारं सायक ४ कडक झालं, म्हणून जुन्या रेल्सवर डेटाबेस.वायएमएल मधल्या 'डिफॉल्ट' वर 'अननोन अलायस' ओरडतं. रुबी ३.४ मध्ये सीएसव्ही, बेस६४, बिगडेसिमल, म्युटेक्स_एम यांची तीच गत. ३.३ याची वॉर्निंग देत होतं. लॉगमध्ये बघतो कोण?

बंडल नीट बसलं, डिप्लॉयही हिरवं झालं, आणि ब्राउझरवर ५०२, म्हणजे एनजिनएक्सला मागून नीट उत्तर मिळालं नाही. इथे अंदाज बांधू नका, /व्हार/लॉग/एनजिनएक्स/एरर.लॉग ची शेवटची ओळ वाचा. कंसात एक आकडा असतो, आणि निदान त्या आकड्यातच आहे. २ असेल तर सॉकेट फाइलच (जिच्यातून एनजिनएक्स प्युमाशी बोलतो ती) नाही: प्युमा उठलाच नाही, किंवा प्युमा एका जागी सॉकेट ठेवतोय आणि एनजिनएक्स दुसरीकडे शोधतोय. १११ असेल तर सॉकेट आहे पण पलीकडे कुणी ऐकत नाही, म्हणजे प्युमा मेला आणि फाइल मागे राहिली. १३ असेल तर परवानगीचा प्रश्न, आणि त्यात सगळ्यात जास्त वेळ जातो. उबंटू २१.०४ पासून नव्या वापरकर्त्याचं होम फोल्डर ७५० परवानगीने (बाहेरच्यांना आत प्रवेश नाही) बनतं. अ‍ॅप /होम/डिप्लॉय मध्ये, एनजिनएक्स चालतो 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा' म्हणून. त्याला दारातच अडवलं जातं. सॉकेट फाइलला ७७७ देऊन काही होत नाही, कारण अडथळा तीन फोल्डर वर आहे. 'नेमआय -एल' ला सॉकेटचा पूर्ण पत्ता द्या, वाटेतल्या प्रत्येक फोल्डरची परवानगी एकाखाली एक दिसते. मग 'चमॉड ओ+एक्स /होम/डिप्लॉय', किंवा अ‍ॅप सरळ /व्हार/डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू मध्ये हलवा.

प्युमा उठलाच नसेल तर 'जर्नलसीटीएल -यू प्युमा -एन १००'. प्युमा ५ पासून डेमन होऊन (स्वतःच पार्श्वभूमीत) मागे जाण्याची सोय काढून टाकली, तेव्हा सिस्टमडीला (लिनक्सवर सर्व्हिस चालू ठेवणारी यंत्रणा) पर्याय नाही. सिस्टमडी तुमची बॅशआरसी (टर्मिनल उघडताना वाचली जाणारी सेटिंगची फाइल) वाचत नाही. एसएसएचने आत जाऊन हाताने चालवलं तर चालतं आणि सर्व्हिस म्हणून 'बंडल सापडत नाही', याचं कारण तेच. सर्व्हिस फाइलच्या एक्झेकस्टार्ट मध्ये आरबीएन्व्हच्या शिमचा (योग्य रुबीकडे पाठवणारी छोटी फाइल) पूर्ण पत्ता लिहा. गुप्त चाव्या एन्व्हायरन्मेंटफाइल मध्ये ठेवत असाल तर ओळीच्या सुरुवातीला 'एक्स्पोर्ट' लिहू नका. सिस्टमडी ती ओळ चुकीची म्हणून सोडून देतो. 'रेल्स_मास्टर_की' अशीच गळते आणि मग क्रेडेन्शियल्स (रेल्सची कुलूपबंद गुपितं) उघडत नाहीत. 'इनव्हॅलिडमेसेज' अशी एरर आली तर चावी आहे पण दुसऱ्याच कुलपाची.

असेट प्रीकम्पाइल (सीएसएस-जावास्क्रिप्ट आधीच बांधून ठेवणं) चालू असताना नुसतं 'किल्ड' छापून सगळं थांबलं, तर मेमरी संपली. 'डीमेसेज -टी' मध्ये ओओएम ('आउट ऑफ मेमरी') शोधा, खात्री होईल. दोन जीबी स्वॅप (डिस्कवरची राखीव मेमरी) लावा: 'एफअलोकेट -एल २जी /स्वॅपफाइल', मग चमॉड ६००, एमकेस्वॅप, स्वॅपऑन, आणि एफएसटॅबमध्ये ओळ. ती ओळ विसरली तर पुढच्या रीबूटनंतर पुन्हा तेच. डिस्कही बघून घ्या, 'डीएफ -एच' सोबत 'डीएफ -आय' पण. जागा शिल्लक असून आयनोड (फाइलींच्या नोंदींच्या जागा) संपलेले असू शकतात.

प्रॉडक्शनवर 'अनइनिशियलाइज्ड कॉन्स्टंट', लॅपटॉपवर सगळं ठीक, याची कारणं बहुतेक दोन. एक, फाइलचं नाव. मॅकची डिस्क सहसा लहान-मोठं अक्षर एकच मानते, लिनक्स मानत नाही. शिवाय प्रॉडक्शनमध्ये सगळा कोड सुरुवातीलाच लोड होतो, म्हणून कधी न उघडलेली फाइलही तिथे उघडी पडते. 'बिन/रेल्स झाइटवर्क:चेक' लॅपटॉपवर चालवला की नावातली बहुतेक गफलत डिप्लॉयआधी कळते. फक्त अक्षराच्या लहान-मोठेपणासाठी तो लिनक्सवर चालवलेला बरा. दोन, जेम डेव्हलपमेंट गटात आणि वापर मात्र सगळीकडे. सुरुवातीचा डेटा भरणाऱ्या सीड्स फाइलमधलं 'फेकर' (खोटा नमुना-डेटा बनवणारं जेम) यातलं नेहमीचं गिऱ्हाईक.

राहिलं मायग्रेशन, म्हणजे डेटाबेसच्या रचनेतला बदल, आणि इथे डेटाचा प्रश्न आहे. कॅपिस्ट्रानो आधी नवा रिलीज तयार करतो, मायग्रेशन चालवतो, आणि मगच 'करंट' ची (चालू रिलीज दाखवणारी) लिंक फिरवतो. मधल्या वेळात जुना कोड नव्या टेबलावर चालू असतो. कॉलम काढून टाकणारं मायग्रेशन असेल तर तेवढ्यात नोंदी फसतात. लिंक फिरवण्याआधी डिप्लॉय अडलं तर जुना कोड तसाच अर्धवट चालत राहतो. 'कॅप प्रॉडक्शन डिप्लॉय:रोलबॅक' कोड मागे नेतो, डेटाबेस नाही. म्हणून कॉलम काढायचा तर दोन डिप्लॉय. पहिल्यात मॉडेलमध्ये 'इग्नोर्ड_कॉलम्स' मध्ये त्याचं नाव लिहून त्याचा वापर थांबवायचा, दुसऱ्यात कॉलम काढायचा. पोस्टग्रेसवर मोठ्या टेबलाला इंडेक्स लावायचा असेल तर 'अल्गोरिदम: :कन्करंटली' आणि मायग्रेशनच्या डोक्यावर 'डिसेबल_डीडीएल_ट्रान्झॅक्शन!', नाहीतर इंडेक्स बनेपर्यंत त्या टेबलात कुणालाच लिहिता येत नाही. जानेवारी ते एप्रिल द्राक्षाचा हंगाम. पॅकहाऊसमध्ये पेट्यांवर लेबलं निघत असताना नोंदींचं टेबल असं अडलं की सगळी लाइन उभी राहते. तेव्हा असली मायग्रेशनं दिवाळीच्या आधी उरकून घ्या. हंगामात फक्त सुरक्षा-दुरुस्ती, तीही एका वेळी एकच जेम.