एवढी मशिनं कशाला?

माझ्या कामाच्या खोलीत पहिल्यांदा येणारा माणूस दारातच थांबतो, डोळ्यांनी मोजतो आणि विचारतो, "चार मशिनं? एकानं भागत नाही का?" मग लगेच दुसरा प्रश्न, "आणि सगळी जुनीच का?" दरवेळी मी कामातून मान वर करून काहीतरी उत्तर देते आणि ते अर्धवट राहतं. तुम्ही विचारलंत म्हणून आज सविस्तर लिहिते.

सुरुवात चामड्यापासूनच करायला हवी. कापडात सुई शिरते तेव्हा धागे बाजूला सरकतात आणि सुई निघाल्यावर बरेचसे परत जागेवर येतात. टाका चुकला तर उसवायचं, इस्त्री फिरवायची आणि पुन्हा शिवायचं. चामड्याच्या सुईचं टोक धारदार असतं, ती कापत जाते. दोरा उसवता येतो, भोक मात्र कायमचं राहतं. त्यामुळे आधी शिवून बघू, मग मशीन लावून घेऊ, असं चामड्यात चालत नाही. पहिला टाका पडण्याआधीच मशीन अचूक लागलेलं असावं लागतं.

हे मला एका बॅगेच्या झडपेनं शिकवलं. तेव्हा माझ्याकडे एकच मशीन होतं. दिवसभर त्यावर जाड दोऱ्यानं पट्टे शिवले होते आणि संध्याकाळी दीड मिलिमीटर चामड्याची झडप शिवायची होती. सुई बदलली, दोरा बदलला, टाका लहान केला, वरच्या दोऱ्याचा ताण सैल केला आणि टाकाऊ तुकड्यावर वीसेक टाके घालून पाहिले. वरून ते सुरेख दिसत होते. तुकडा उलटून पाहायचं राहिलं. झडप पुरी शिवून उलटली, तर खालचा दोरा तारेसारखा सरळ पडलेला आणि प्रत्येक भोकातून वरच्या दोऱ्याची गाठ बाहेर डोकावणारी. ती गाठ चामड्याच्या पोटात बसायला हवी. मी ताण गरजेपेक्षा जास्त सैल केला होता. सगळा दोरा काढून पुन्हा शिवायला घेतलं, पण सुई जुन्या भोकांत काही बसेना. शेजारी नवी भोकं पडत गेली आणि कडेची पट्टी पोस्टाच्या तिकिटासारखी टरकन सुटून हातात आली. दोन दिवस खपून हातानं रंगवलेली झडप होती ती.

त्यानंतर दुसरं मशीन घेतलं. तेव्हापासून एक नियम पाळते: प्रत्येक मशीनला एकच दोरा आणि एकच सुई, आणि लावलेला ताण शक्यतो हलवायचा नाही. पाकिटं आणि अस्तरासाठी ७० टेक्सचा दोरा आणि ११० नंबरची सुई, बॅगांना १३५ टेक्स आणि १४०, पट्ट्यांना २७० टेक्स आणि २००. टेक्स म्हणजे हजार मीटर दोऱ्याचं ग्रॅममधलं वजन, आणि सुईचा नंबर म्हणजे तिची जाडी, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. म्हणजे पट्ट्यांची सुई दोन मिलिमीटर जाड, पाकिटांची त्याच्या निम्म्याहून जराशीच जास्त. या दोन कामांमध्ये एकच मशीन रोज इकडून तिकडे फिरवलं, तर दिवसाचा तास-दीड तास लावालावीत जातो, आणि प्रत्येक बदलाला एक झडप पणाला लागते.

पण नुसत्या दोऱ्याचाच प्रश्न असता, तर एकाच प्रकारची तीन मशिनं घेऊन काम भागलं असतं. खरा फरक चामडं धरण्याच्या आणि पुढे ओढण्याच्या पद्धतीत आहे.

सगळ्यात जास्त चालतं ते सिंगर १११डब्ल्यू१५५. साध्या मशीनमध्ये फक्त खालचे दाते माल ओढतात. चामड्याचे दोन थर एकावर एक ठेवले, की खालचा पुढे जातो आणि वरचा मागे रेंगाळतो. बॅगेची बाजू शिवत कोपऱ्यापर्यंत आलात, की वरचा थर पाच मिलिमीटर लांब उरलेला दिसतो. या मशीनमध्ये सुई चामड्यात शिरते आणि त्याच भोकात उभी असताना मागे सरकते. तिच्यासोबत आतला फूट, म्हणजे चामडं वरून दाबणारा पाय, आणि खालचे दातेही सरकतात. सुई थरांमधून आरपार असल्यामुळे थर एकमेकांवरून घसरूच शकत नाहीत. मग बाहेरचा फूट खाली येऊन चामडं दाबून धरतो, तोवर बाकीची तिघं पुढे येतात. चाक हातानं सावकाश फिरवून हे बघत बसायला मला अजून आवडतं. या मशीनला उलटा टाका नाही, शेवट पक्का करायला कामच फिरवून घ्यावं लागतं. आणि दोरा खाली अडकला, तर आतला क्लच खट्‌दिशी सुटतो. खाली दोरा पकडणारा हुक थांबतो, मोडत नाही. मग बेडवरचं, म्हणजे काम ठेवतो त्या खालच्या भागावरचं, बटण दाबून धरायचं आणि चाक उलटं फिरवायचं, की पुन्हा खट्.

दुसरं २९के, म्हणजे चांभारकामाचं पॅचिंग मशीन. यालाच लोक जास्त बघतात, कारण ते शिलाई मशीनसारखं दिसतच नाही. पुढे लांब, निमुळता हात आणि त्याच्या टोकाला खालच्या दोऱ्याचं इवलंसं शटल. बुटाच्या आत, अगदी चवड्यापर्यंत तो हात जातो. खाली दाते नाहीतच. वरचा फूट स्वतःच चामडं पकडून ओढतो आणि तो गोल फिरवता येतो, ज्या दिशेला फिरवाल त्या दिशेला टाका. तयार बॅगेचा आतला खिसा उसवला, तर बॅग न फिरवता मी फूट फिरवत चारही बाजू शिवून घेते. १११वर त्या खिशापर्यंत पोचायचं, तर आधी अख्खी बॅग उसवावी लागेल. मात्र पॅचिंग मशीनवर नवी बॅग शिवू नका. फुटाच्या दातांचे ओरखडे वरच्या बाजूला उमटतात, बॉबिन एवढीशी असल्यानं दोरा भलत्या ठिकाणी संपतो, आणि जाड दोरा त्याला झेपत नाही. डागडुजीला मात्र याच्या तोडीचं दुसरं मी पाहिलेलं नाही.

तिसरं सिंगर ५१डब्ल्यू. त्याचा बेड खांबासारखा उभा आणि फुटाच्या जागी छोटं चाक. बुटांचे वरचे भाग आणि वळणावळणाची कामं त्यावर होतात. माझ्याकडे ते सगळ्यात कमी चालतं.

चौथं ४५के, पट्टे आणि खोगिराच्या कामाचं. ते आलं तेव्हा त्याचं चाक हलत नव्हतं. बरीच वर्षं बंद पडलेल्या मशीनमध्ये तेल सुकून लाखेसारखं होतं आणि प्रत्येक सांधा चिकटवून टाकतं. अशा वेळी चाकाला जोर लावण्याचा मोह होतो, पण लावू नये, शटलचं टोक तुटतं. मी तेलाच्या प्रत्येक भोकात सकाळ-संध्याकाळ रॉकेलचे थेंब सोडत राहिले. चार दिवस काही नाही. पाचव्या सकाळी चाक दोन बोटं सरकलं आणि दांड्याच्या कडेनं काळपट तपकिरी रस ओघळला. त्या दिवशी दुसरं काम केलंच नाही. पुसत गेले, तेल देत गेले, आणि दुपारपर्यंत चाक एका बोटानं फिरायला लागलं होतं.

जुनीच का, याचं उत्तर त्या पाचव्या सकाळी आहे. यातलं सगळं ओतीव लोखंड आणि पोलाद, आणि जवळजवळ प्रत्येक भाग स्क्रूनं धरलेला. सुई तळाला जाऊन साधारण दोन मिलिमीटर वर आली, की शटलचं टोक तिच्या भोकाच्या किंचित वरून गेलं पाहिजे, एवढं समजलं की टाका का सुटतो ते स्वतःच शोधता येतं. 'के' हे अक्षर किलबोवीचं. स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकचा सिंगरचा तो कारखाना १८८५ साली सुरू झाला आणि १९८० साली बंद पडला. कारखाना गेला, पण तिथलं मशीन आजही डोळ्यांसमोर उघडून समजून घेता येतं आणि चालतं. झीज होतेच. माझ्या २९केच्या हातातल्या गिअरचे दाते झिजले आहेत, त्यामुळे शटल जरा उशिरा पोचतं आणि जाड चामड्यावर टाके सुटतात. म्हणून त्याला पातळच काम देते.

मोटर मात्र मी नवी लावली आहे. जुन्या क्लच मोटरा मिनिटाला १,४०० ते १,७०० फेऱ्यांनी सतत घरघरत असतात आणि पेडलला पाय लागला की मशीन उधळतं. चामडं एकेक टाका मोजून शिवायचं असतं. सर्वो मोटर पेडल दाबल्यावरच फिरते आणि हळूही चालते. २९केला मोटर नाहीच, ते मी हातानं फिरवते.

एकच घ्यायचं तर कोणतं, असंही बरेच जण विचारतात. नळीसारखा बेड असलेलं, सुई आणि दोन्ही फूट मिळून माल ओढणारं घ्या, नवं असलं तरी हरकत नाही. सपाट कामाला वर जोडायचं टेबल मिळतं, आणि गोल काम तर सपाट बेडवर होतच नाही. घेताना आपलं चामडं आणि आपला दोरा सोबत न्या, आणि शिवलेला तुकडा उलटून बघा.

चारातलं एखादं द्याल का, असंही विचारलं जातं. ५१डब्ल्यू देईन, बूट शिवणाऱ्या माणसाला. त्याची सगळी छोटी चाकं आणि सुईपट्ट्या एका डब्यात ठेवल्या आहेत, त्यासकट.