अनुदान कापलं गेल्यावर पुन्हा निधी मिळवताना आलेला माझा अनुभव

मी एका लहान संग्रहालयात संग्रह सांभाळायचं काम करते. सरकारी अनुदानावर चालणारी संस्था, सगळे मिळून सात जण. मंदीच्या वर्षी, अर्धं आर्थिक वर्ष उलटल्यावर एक पानाचं पत्र आलं, की महसूल घटल्यामुळे मंजूर अनुदानातला चौथा हिस्सा यंदा मिळणार नाही. आम्ही पगार आणि वर्षाचे करार त्या पूर्ण रकमेवर धरून बसलेलो, आणि हातात राहिलेले सहा महिने.

अशा वेळी कात्री कुठे लागते तर जे लोकांना दिसत नाही तिथे. दालनं बंद केली तर बोंब होते, तिकिटाचे पैसेही जातात, म्हणून दालनं चालू. मग स्टोअर, म्हणजे दालनांत न मांडलेल्या वस्तू ठेवायची खोली. तिथल्या डिह्युमिडिफायरचं, म्हणजे हवेतला ओलावा कमी करणाऱ्या मशीनचं, वीजबिल मोठं येत होतं म्हणून ते रात्री बंद ठेवायचं ठरलं, आणि मशीन दुरुस्तीचा करारही तसाच सोडून दिला. मी मीटिंगमध्ये विरोध केला, पण पगार की मशीन असा प्रश्न समोर ठेवला की कोण काय बोलणार.

दोन महिन्यांनी मी एक कपाट उघडलं तर कुबट वास. चामड्याच्या बांधणीची एक जुनी हिशेबाची वही होती, तिच्या कण्यावर पीठ भुरभुरल्यासारखी पांढरी बुरशी. आर्द्रतामापकाचा काटा ७१ वर. आमच्याकडे ४५ ते ५५ टक्के ठेवायचा नियम आहे, ६५ च्या वर बराच काळ राहिलं की कागद आणि चामडं बुरशी धरतंच. मास्क घालून मऊ ब्रशने मी ती एकेका कोपऱ्यातून काढली, वही वेगळी ठेवली, सुकू दिली, बुरशी गेली पण खाली तपकिरी डाग राहिला आणि चामडं तिथे बोटाला खरखरीत लागतं. पुढच्या वर्षी अनुदान दुप्पट झालं तरी तो डाग जाणार नाही. मला हेच सगळ्यांना सांगायचं होतं, आणि ते फॉर्मच्या कुठल्या रकान्यात लिहायचं तेच कळत नव्हतं.

तातडीच्या निधीची एक योजना होती तिला अर्ज केला. पहिल्या अर्जात मी तीन पानं वारसा, संस्कृती, पुढच्या पिढ्या यावर लिहिली, आणि मनापासून लिहिली. महिन्याने फाइल परत, ११ त्रुटी. त्यातल्या तीन खऱ्या होत्या. एक, योजनेत फक्त भांडवली खर्च मिळतो, आवर्ती नाही. म्हणजे मशीन मिळेल पण मशीनची वीज नाही, रॅक मिळतील पण त्यावर वस्तू लावणाऱ्या माणसाचा पगार नाही. दोन, २५ टक्के स्वहिस्सा दाखवा. तीन, खर्च आधी तुम्ही करा, बिलं लावा, मग पैसे येतील. ज्यांच्याकडे पैसे नाहीत म्हणून योजना काढली त्यांनी आधी खर्च करायचा, हे मला आजही चुकीचंच वाटतं आणि मी ते लेखी कळवलंय.

त्याच काळात कमिटीतल्या एका सदस्यांनी सुचवलं की दोनचार वस्तू विकून टाकू, भागेल. माझ्या पोटात गोळा आला. मी त्यांना नॉर्दॅम्प्टनचं उदाहरण दिलं. इंग्लंडमधल्या त्या गावच्या कौन्सिलने २०१४ मध्ये सेखेमका नावाचा प्राचीन इजिप्शियन पुतळा लिलावात १.५७६ कोटी पौंडांना विकला, आणि लगेच आर्ट्स कौन्सिल इंग्लंड या कलेला सरकारी निधी देणाऱ्या संस्थेने तिथल्या संग्रहालयांची मान्यता काढून घेतली, म्हणजे मान्यता लागणाऱ्या अनुदानांची दारंही बंद. ते ऐकल्यावर विषय मागे पडला.

अर्ज दिलेल्या कार्यालयातल्या बाकावर एक नाट्यसंस्थेचे सेक्रेटरी रोज भेटायचे, त्यांचं आमच्यापेक्षा वाईट चाललेलं, कारण त्यांचं अनुदान प्रयोगामागे, आणि प्रयोगच होत नव्हते. आमच्या वस्तू निदान कपाटात तरी आहेत, त्यांचा प्रकाशयोजना करणारा माणूस दुसऱ्या धंद्याला लागला आणि परत येईल असं त्यांना वाटत नव्हतं. १९३५ मध्ये अमेरिकेत महामंदी चालू असताना फेडरल आर्ट प्रोजेक्ट निघाला, त्यात सरकारने हजारो चित्रकार-शिल्पकारांना चक्क पगारावर ठेवलं होतं. माणूस कामात राहिला पाहिजे हा त्यामागचा विचार, आणि तो मला फार पटतो.

मंदीत कलेला पैसे कापावेच लागतात असंही काही नाही. ब्रिटनने २०१० मध्ये काटकसर म्हणून आर्ट्स कौन्सिलचं अनुदान जवळपास ३० टक्क्यांनी उतरवायचं ठरवलं, आणि त्याच ब्रिटनने २०२० मध्ये महामारीत १५७ कोटी पौंडांचं कल्चर पॅकेज जाहीर केलं. दोन्ही वेळा तिजोरीवर ताणच होता.

असो. फाइल पुढे सरकली ती एका फोनमुळे. फाइल बघणाऱ्या अधिकाऱ्यांना मी पाचव्यांदा फोन केला तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, वारसा महत्त्वाचा आहे हे मला पटलेलंच आहे, मला ते वर पटवायचंय. यंदा नाही दिलं तर पुढे किती जास्त द्यावं लागेल तेवढं लिहा." मी त्यांची कायम ऋणी आहे.

मग मी आणि माझी एक सहकारी, आम्ही दोघींनी तीन आठवडे पूर्ण स्टोअर तपासलं. प्रत्येक वस्तूचा फोटो आणि अ, ब, क अशी वर्गवारी, अ म्हणजे या वर्षात हात लावला नाही तर जाईल अशी. अ मध्ये ३१२ वस्तू निघाल्या, जास्त करून कागद, चामडं आणि कापड. रोज सकाळ-संध्याकाळच्या आर्द्रतेच्या नोंदींचा तक्ता लावला, मशीन बंद व्हायच्या आधीचा आणि नंतरचा शेजारी शेजारी. एक वही दुरुस्त करायचा खर्च आणि ती खराब होऊ न द्यायचा खर्च दोन रकान्यांत मांडला. शेवटच्या पानावर ब्राझीलमधल्या रिओच्या राष्ट्रीय संग्रहालयाबद्दल चार ओळी लिहिल्या, की १८१८ मध्ये सुरू झालेलं, सुमारे २ कोटी वस्तूंचं संग्रहालय, देखभालीच्या पैशांची वर्षानुवर्षं ओरड होती आणि २ सप्टेंबर २०१८ च्या रात्री आगीत संग्रहाचा फार मोठा भाग गेला. वारशावरची आधीची तीन पानं काढून टाकली.

चार महिन्यांनी मंजुरी आली, मागितल्याच्या निम्मी. पाच मशीन हवी होती, दोन आली. मग सगळ्या अ वस्तू एकाच खोलीत हलवल्या, खोलीच्या दाराखिडक्यांच्या फटी बुजवल्या आणि दोन्ही मशीन तिथे लावली, विजेचं मात्र दालनांतले दिवे कमी करून भागवतोय. स्वहिस्सा जुन्या देणगीदारांकडून उभा केला, आणि पुरवठादाराला हात जोडून ९० दिवसांची उधारी मागितली, त्याने दिली म्हणून जमलं.

पहिला हप्ता आला, दुसरा अडकलाय, कारण निधी वापराच्या दाखल्यावर ऑडिटरची सही एका जागी राहिली होती, ती परवा करून पाठवली. खोलीतला काटा आज सकाळी ५३ वर होता. ब आणि क मधल्या वस्तू अजून जुन्याच खोलीत आहेत, तिथे ६४.