तापाची एकही नोंद नसलेली बराक

2020 च्या जुलैमध्ये मी ज्या तुरुंगात वैद्यकीय अधिकारी होतो, तिथली सकाळच्या तपासणीची रांग एकाएकी आखूड झाली. आदल्या आठवड्यात एकाच बराकीतले तिघे कोविडबाधित निघाले होते आणि त्यांना वेगळे ठेवण्यात आले होते. त्यानंतर त्या बराकीतून तापाची एकही तक्रार आली नाही. नोंदवहीत पाठदुखी होती, गुडघेदुखी होती, दाढदुखी आणि खरूज होती. ताप, खोकला किंवा घशाचे नाव मात्र कुठेच नव्हते. अधीक्षक समाधानी होते. मला ते समाधान वाटेना, कारण जिथे दोन अंथरुणांमध्ये हातभरही अंतर नसते, पाण्याचे नळ आणि शौचालये सामायिक असतात आणि संध्याकाळी दार बंद झाले की सकाळपर्यंत सगळ्यांनी तीच हवा वाटून घ्यायची असते, तिथे हा विषाणू तिघांवरच थांबला असेल, हे पटण्यासारखे नव्हते.

धागा सापडला तो औषधनिर्मात्यांना. साठ्याचा हिशेब लावताना पॅरासिटामॉलच्या गोळ्या नेहमीपेक्षा कितीतरी जास्त गेल्याचे त्यांच्या लक्षात आले, आणि त्या बहुतेक सगळ्या याच बराकीत गेल्या होत्या. ‘पाठदुखीची साथ येते असे मी तरी वाचलेले नाही,’ एवढेच ते म्हणाले. गोळी घेतलेल्या माणसाच्या कपाळासमोर तापमापक धरला तर तो ताप दाखवतोच असे नाही, आणि लक्षणे दिसण्याआधीच संसर्ग पसरवणाऱ्या आजारात हे यंत्र एरवीही फारसे उपयोगी नसते. आमच्याकडे मात्र रोज सकाळी दाराशी उभे राहून सगळ्यांचे तापमान घेणे, हीच साथनियंत्रणाची मुख्य तजवीज समजली जात होती.

त्या दिवशी तपासणी दवाखान्यात न घेता मी बराकीसमोरच्या अंगणात गेलो आणि एकेकाशी अंतर राखून बोललो. ताप आहे का, हे कोणालाच विचारले नाही, कारण त्याचे उत्तर ठरलेले असणार होते. साबणाचा वास येतो का, असे विचारले. या प्रश्नाची तयारी कोणी केलेली नव्हती. काहींनी क्षणभर विचार करून, चार-पाच दिवसांपासून येत नाही, असे सरळ सांगून टाकले. काहींनी आधी एकमेकांकडे पाहिले. दुपारपर्यंत माझ्या यादीत इतकी नावे झाली की लक्षणे असलेल्यांचीच चाचणी करायची, या धोरणाला अर्थ उरला नाही.

लपवण्याचे कारण एका वयस्क बंद्याने सांगितले. ‘डॉक्टरसाहेब, त्या तिघांना तुमच्या दवाखान्यात नाही नेलं, मागच्या कोठड्यांत नेलं. मारामारी केली की तिथे ठेवतात. त्यांचं सामान इथेच पडलंय, घरी फोन बंद झालाय, आणि बरे झाल्यावर याच जागेवर परत येणार का, ते कोणी सांगत नाही. मग ताप आलाय म्हणून कोण सांगेल?’

यात खोटे काही नव्हते. स्वतंत्र दार असलेल्या खोल्या तुरुंगात तेवढ्याच होत्या आणि त्या शिक्षेसाठी बांधलेल्या होत्या. रुग्णाला वेगळे ठेवणे आणि एकांतवासाची शिक्षा देणे, या दोन गोष्टी डॉक्टरच्या कागदावर निराळ्या असल्या, तरी आत बसलेल्याला दोन्हींत तेच कुलूप दिसते. बंद्यांना कसे वागवावे याविषयी संयुक्त राष्ट्रांनी 2015 मध्ये स्वीकारलेल्या मंडेला नियमांनुसार, दिवसाचे 22 तास किंवा अधिक काळ अर्थपूर्ण मानवी संपर्काविना ठेवणे म्हणजे एकांतवास, आणि सलग 15 दिवसांहून अधिक चाललेला एकांतवास निषिद्ध आहे. आमचे विलगीकरण 14 दिवसांचे होते. एखादा अहवाल उशिरा आला की ती मर्यादा उपचाराच्या नावाखाली सहज ओलांडली गेली असती.

संध्याकाळी अधीक्षकांशी बराच वेळ चर्चा झाली. त्यांची अडचण खोटी नव्हती, हे इथे नमूद केले पाहिजे. मार्चमध्ये इटलीत बंद्यांच्या नातेवाइकांशी होणाऱ्या भेटी थांबवल्यावर अनेक तुरुंगांत दंगली उसळल्या आणि 13 बंदी दगावले, हे त्यांनी वाचले होते. सगळ्या बराकीची चाचणी करून मोठा आकडा जाहीर झाला तर आपल्याकडेही तेच होईल, अशी त्यांना धास्ती होती. मी त्यांना ओहायोतील मॅरियन तुरुंगाचे उदाहरण दिले. तिथे एप्रिलमध्ये सरसकट चाचण्या केल्यावर सुमारे 80 टक्के बंदी बाधित निघाले होते आणि त्यांतल्या बहुतेकांना कसलेही लक्षण नव्हते. चाचणी केली नसती तर आकडा लहान राहिला असता, संसर्ग तेवढाच असता.

रुग्णांना ठेवण्यासाठी मी कार्यशाळेचे सभागृह मागितले होते. अधीक्षकांना खरे तर ते द्यायचे नव्हते, कारण दुसऱ्या तुरुंगातून येणाऱ्या बंद्यांच्या तुकडीसाठी ते राखून ठेवले होते. ही बदली मला त्याच वेळी कळली. मग कॅलिफोर्नियातील सॅन क्वेंटिनचा विषय निघाला. 1918 च्या एप्रिलमध्ये दुसऱ्या कारागृहातून आलेल्या एका आजारी बंद्यामागोमाग तिथल्या सुमारे 1,900 जणांच्या वस्तीत फ्लू पसरला होता, आणि तिथल्या डॉक्टरांनी तो तपशिलाने लिहून ठेवला होता. त्याच तुरुंगात 2020 च्या मे महिन्याच्या अखेरीस दुसऱ्या तुरुंगातून शंभरावर बंदी आणले गेले. आमची चर्चा चालू असताना तिथल्या बाधितांची संख्या हजारांत गेली होती. पुढे 28 बंदी आणि एक कर्मचारी असे 29 मृत्यू झाले. एकाच तुरुंगात, शंभर वर्षांच्या अंतराने, साथ बदलीच्या गाडीतूनच आत आली.

अधीक्षकांनी बदली पुढे ढकलण्यासाठी वरिष्ठांना पत्र लिहायचे मान्य केले आणि सभागृह मिळाले. मी चार अटी घातल्या आणि त्या लेखी घेतल्या: रुग्णाचे सामान त्याच्याबरोबर जाईल, घरी फोन चालू राहील, सभागृहाच्या आतली दारे दिवसा उघडी राहतील, आणि बरा झाल्यावर तो आपल्याच बराकीत, आपल्याच जागी परतेल. वैद्यकीयदृष्ट्या यांतली शेवटची अट सर्वांत बिनमहत्त्वाची वाटते. बंद्यांना मात्र तीच सर्वांत महत्त्वाची होती. जागा म्हणजे खिडकीजवळची की शौचालयाजवळची, शेजारी कोण, हे तिथे वर्षानुवर्षांत ठरलेले असते. नॉर्वेने 1988 मध्ये आणि फ्रान्सने 1994 मध्ये तुरुंगातील आरोग्यसेवा आरोग्य खात्याच्या कक्षेत आणली, ती का, हे मला अशा वाटाघाटींच्या वेळी नीट समजते: अधीक्षकांच्या हाताखालच्या डॉक्टरला औषधासाठी नव्हे, तर खिडकीजवळच्या जागेसाठी सही मागावी लागते.

दुसऱ्या दिवशी त्या अटी मी स्वतः बराकीत वाचून दाखवल्या आणि कोठड्यांतल्या तिघांना सर्वांदेखत सभागृहात हलवले. त्यानंतरच नमुने घ्यायला सुरुवात झाली. अहवाल आले तेव्हा बराकीतले निम्म्याहून अधिक बाधित होते. त्यांतल्या दोघांची ऑक्सिजनची पातळी मोजल्याबरोबर त्यांना बाहेरच्या रुग्णालयात पाठवावे लागले. दोघेही आदल्या आठवड्यात पाठदुखीच्या गोळ्या नेणाऱ्यांत होते. दोघेही बरे होऊन परतले आणि ठरल्याप्रमाणे आपापल्या जागी गेले. दंगल झाली नाही. विरोध झाला तो कर्मचाऱ्यांकडून. रोज घरी जाऊन परत येणारे तेच होते, त्यामुळे त्यांची चाचणी बंद्यांच्या आधी व्हायला हवी होती. पण ती सुरू करायला आणखी कितीतरी दिवस आणि दोन बैठका लागल्या.

बदली रद्द झाली नाही, लांबली. तुकडी आली तेव्हा ती संपूर्ण एकत्र, इतरांपासून वेगळी ठेवायची आणि मधे एकही नवा माणूस तिच्यात घालायचा नाही, असे ठरले, कारण एक नवा माणूस आला की सगळ्यांचे 14 दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागतात. तिसऱ्याच दिवशी न्यायालयातून आलेल्या एकाला ‘एका रात्रीपुरते’ तिथे ठेवू का, असे विचारणारा फोन मला आला. मी नकार दिला आणि तो नोंदवहीत लिहून ठेवला.