केबलची किंमत पाच हजारांच्या वर
गेल्या वर्षीच्या, म्हणजे २०२५ च्या, आषाढीआधीची गोष्ट. पावसानं उघडीप दिली होती. उसाला पाणी सोडावं म्हणून सकाळी सीना नदीच्या काठावर गेलो, स्टार्टर दाबला तर मोटार गप्प. खाली उतरून बघतो तर पेटीपासून पाण्यापर्यंतची केबलच नाही! शेजारच्या तिघांचीही तीच गत. जरा पुढं ओढ्यात काळी राख आणि वितळलेल्या प्लास्टिकचे गोळे पडले होते. वरचं आवरण जाळून आतलं तांबं तेवढं नेलेलं. राख अजून कोमट होती.

११२ ला फोन लावला. हा फोन नवी मुंबईच्या नाहीतर नागपूरच्या केंद्रात जातो आणि तिथून आपल्या भागातल्या गाडीला निरोप येतो. फोनवरच्या बाई नीट बोलल्या. गाडी आली ती दीड तासानं, त्यात चालक आणि एक शिपाई. "एवढ्या गावांना सध्या ही एकच गाडी आहे बघा, बाकी सगळं वारीत," असं म्हणून त्यांनी फोटो काढले आणि ठाण्यात जाऊन फिर्याद द्यायला सांगितलं.

आधी पोलीस पाटलांकडं गेलो. आमच्या गावची जागा रिकामी असल्यानं शेजारच्या गावच्या पाटलांकडं जादा चार्ज आहे. त्यांचं मानधन एप्रिल २०२४ पासून साडेसहा हजारांवरून १५ हजार झालं हे चांगलंच झालं, पण माणूस एकच आणि गावं तीन. दूरक्षेत्राला, म्हणजे गावाजवळच्या पोलीस चौकीला, कुलूप होतं. तिथला हवालदार तालुक्याच्या ठाण्यात ड्युटीला ओढलेला.

ठाण्यात ठाणे अंमलदार एकटेच. वायरलेस, स्टेशन डायरी, भांडणाच्या दोन पार्ट्या आणि वर लाइट गेलेली. मला म्हणाले, "मालक, निम्मं ठाणं पंढरपुरात आहे. तपासाला कुणाला पाठवू सांगा. साधा अर्ज देऊन जा, एकादशी झाली की बघू."

इथंच बहुतेक जण अर्ज देऊन घरी जातात. मीही पहिल्या दिवशी तेच केलं आणि फसलो. अर्जाला गुन्हा क्रमांक नसतो. गुन्हा नोंदला नाही तर चोरी कागदावर झालेलीच नसते, आणि कागदावर गुन्हेच कमी दिसले तर इथं माणसं वाढवा असं वर कुणी कशाच्या जोरावर सांगणार? हे मला त्याच अंमलदारांनी दुसऱ्या खेपेला चहा पिताना सांगितलं, तेही आवाज बारीक करून.

दुसऱ्या खेपेला खरी मेख कळली. नव्या कायद्यात, म्हणजे भारतीय न्याय संहितेत, चोरीचं कलम ३०३(२). पण चोरलेल्या मालाची किंमत पाच हजारांच्या आत असेल तर तो अदखलपात्र धरला जातो, म्हणजे कोर्टाच्या परवानगीशिवाय पोलीस तपासच करू शकत नाहीत. आमची केबल 'जुनी वापरती, अंदाजे चार हजार' अशी लिहिली जाणार होती. मी म्हणालो, थांबा. माझ्याकडं दोन वर्षांपूर्वीचं बिल होतं, ९० मीटरचे १२,६०० रुपये. पण बिलाचा कागद पुसट होऊन नुसता पांढरा उरलेला. सोलापुरातल्या दुकानदारानं कॉम्प्युटरमधून दुसरी प्रत काढून दिली म्हणून निभावलं. शेजाऱ्यांपैकी एकाकडं बिल होतं, दोघांनी 'जाऊ दे' म्हटलं.

तिसऱ्या खेपेला मी नम्रपणे म्हणालो की गुन्हा घेत नसाल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या (तपासाच्या नव्या कायद्याच्या) कलम १७३(४) प्रमाणं एसपी साहेबांना पोस्टानं लेखी पाठवतो. अंमलदार हसले. रागावले नाहीत. "पाठवायची गरज नाही, बसा," म्हणाले आणि स्वतः टायपायला बसले. ११ जुलैला गुन्हा नोंद झाला. फिर्यादीची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या.

टाइप करता करता त्यांनी ठाण्यात माणसं कमी का, याचा मागचा हिशेबही सांगितला. ४ मे २०२० ला कोरोनात राज्य सरकारनं विकासाच्या खर्चाला ६७ टक्के कात्री लावली आणि आरोग्य सोडून नवी भरती थांबवली. रिटायर होणारे मात्र थांबले नाहीत. २०२२ च्या शेवटी १८ हजारांवर जागांची भरती निघाली, पण नव्या पोरांचं ट्रेनिंग होऊन ती ठाण्यात येईपर्यंत जुनी आणखी गेली. "भोक बुजवतोय तोवर दुसरीकडं फाटतंय," हे त्यांचे शब्द.

पंचनाम्याला आलेले हवालदार स्वतःच्या मोटारसायकलवर, पेट्रोल स्वतःचं. ओढ्यातली राख पावसानं वाहून गेली होती, प्लास्टिकचे दोन गोळे सापडले. त्यांनी ते कागदाच्या पुडीत बांधले, शूटिंग आपल्याच मोबाइलवर घेतलं. दोन पंच मीच गोळा केले. भंगारवाल्यांकडं चौकशी करतो म्हणाले. केली असेल. त्यांच्याकडं असले किती गुन्हे आहेत ते मी विचारलं नाही, टेबलावरचा फायलींचा ढीग बघितला होता.

तपासाचं काय झालं हे पोलिसांनी फिर्यादीला ९० दिवसांत कळवायचं असतं. मी कॅलेंडरवर खूण करून ठेवली होती. त्याआधीच सप्टेंबरात सीनेला पूर आला. रात्री हवालदारांचा फोन. मला वाटलं केबल सापडली. "मालक, केबलचं नंतर. वस्तीवरची माणसं बाहेर निघाली का? म्हातारी माणसं किती आहेत?" मागं पाण्याचा आणि माणसांच्या ओरडण्याचा आवाज येत होता.

ऑक्टोबरात कागद आला, तपास सुरू आहे. स्टार्टरची पेटी तोवर पुरात गेली होती. आता नवी केबल पाणी देऊन झालं की गुंडाळून घरी आणतो, आणि बिल लॅमिनेट करून कपाटात ठेवलंय.