पावणेपाचला दहा फूट कमी

जुलैतल्या एका रिकाम्या दुपारी पडद्याची शिवण उसवलेली दिसली आणि सेफ्टी पिन शोधायला शिवणाचा डबा उघडला. डबा म्हणजे तोच निळा, डॅनिश बिस्किटांचा. त्यात बिस्किटं कधी होती ते आमच्या घरात कुणाला आठवत नाही. दोऱ्यांच्या रिळांखाली पिनांचा हा ढीग! सगळ्या एका मापाच्या, हलक्या, जरा जोर लावला की वाकणाऱ्या. यातली एकही मी विकत आणलेली नाही. शर्यतीत छातीवर नंबर लावायला माणशी चार पिना मिळतात. नंबर थोडे दिवस फ्रीजवर राहतो, मग रद्दीत जातो. पिना डब्यात. आईच्या बांगडीला कायम दोन-तीन पिना लटकलेल्या असत. लग्नकार्यात कुणाचा पदर सुटला, कुणाच्या फ्रॉकचं बटण तुटलं की तिचा हात पुढे. पिना टाकून देणं आमच्या रक्तात नाही.

तर शर्यत. अमेरिकेत थँक्सगिव्हिंगच्या सकाळी गावोगावी लोक पळतात. दुपारी आडवा हात मारायचा असतो, त्याआधी गाठीला थोडं पुण्य असावं, असा काहीतरी हिशेब असणार. बफलोची शर्यत तर १८९६ ची, बोस्टन मॅरेथॉनच्याही आधीची. आमची कनेक्टिकटमधल्या मँचेस्टरची. १९२७ साली सुरू झाली, मध्ये काही वर्षं बंद पडली, १९४५ पासून पुन्हा सुरू. नोव्हेंबरचा चौथा गुरुवार, सकाळी दहा, मेन स्ट्रीट. अंतर ४.७४८ मैल.

हे ४.७४८ मला पहिल्यापासून छळतं. पावकी-निमकीच्या पाढ्यांवर वाढलेल्या घरातली मी. आपल्याकडे कुणीही पावणेपाच म्हणून मोकळं झालं असतं. फरक किती, तर दहा फुटांचा. शेवटची रेघ दहा फूट पुढे मारली की काम झालं. पण नाही, लोक अगदी अभिमानानं ४.७४८ सांगतात. माझे वडील, म्हणजे अण्णा, साताऱ्यात सरकारी कचेरीत हिशेब बघायचे. त्यांना फोनवर हा आकडा सांगितला तेव्हा क्षणभर काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "बरोबर आहे. मोजलं तेवढंच लिहायचं." आणि लगेच खरा प्रश्न, "कितवी आलीस?"

"अण्णा, दहा-बारा हजार लोक असतात."

"असू देत की. कितवी?"

"नऊ हजार काहीतरी."

"म्हंजे तुझ्या मागं हजार-दोन हजार होते." आवाजात चक्क समाधान. पेढे वाटले नाहीत एवढंच.

दरवर्षी हे असंच होतं. मजेसाठी पळतो, नंबरासाठी नाही, हे त्यांना सांगणं मी आता सोडलंय. एक तर उगाच पळणं आपल्या अंगवळणीच नाही. आपण पळतो ते एसटी गाठायला, दूध उतू चाललं म्हणून, पाऊस आला आणि गच्चीवर वाळवण आहे म्हणून. आमच्या इथल्या मराठी टोळीत एक डोंबिवलीकर आहेत, त्यांची पळण्याची सगळी पूर्वतयारी सकाळच्या फास्ट लोकलवर झालेली. शर्यत सुरू व्हायच्या आधी हजारो माणसं मेन स्ट्रीटवर खेटून उभी असतात आणि इथल्या लोकांना त्या गर्दीचं कोण कौतुक. डोंबिवलीकर मात्र पिशवी पोटाशी धरून, एक खांदा पुढे काढून निवांत उभे. "आपण चालायचं नाही," ते दरवेळी नवख्यांना सांगतात, "आपल्याला नेलं जातं."

नागपूरच्या वहिनी हे आमचं दुसरं खातं. त्या पळताना बोलतात. चढावर आमच्या तोंडून हुंकार निघत नाही तेव्हा त्यांची वांग्याच्या भरताची कृती फोडणीपर्यंत आलेली असते. २०२५ ला थँक्सगिव्हिंग आला २७ नोव्हेंबरला, आणि नेमका तोच मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. वहिनींचं महालक्ष्मीचं व्रत, दिवसभर उपास. आम्हाला वाटलं, यंदा येत नाहीत. साडेआठला फोन, "मी निघून राहिली आहे, तुम्ही कुठे?" उपासाचं विचारलं तर म्हणाल्या, "देवीनं सांगितलं का पळू नको म्हणून?" गाडीत साबुदाण्याच्या खिचडीचा डबा होता. शर्यत संपल्यावर सगळे कॉफीच्या रांगेत, आणि वहिनी कुणाच्या तरी कुंपणापाशी उभ्या. घटाला पाच झाडांच्या डहाळ्या हव्या होत्या. नोव्हेंबरअखेरीस कनेक्टिकटमध्ये झाडाला पान म्हणून राहत नाही. त्यांनी घरमालकिणीला रीतसर विचारून पाइन आणि ऱ्होडोडेंड्रॉन मिळवलं, बाकीच्या तिन्हीला आम्ही सगळे कामाला लागलो. छातीवर नंबर, हातात डहाळ्या. त्या बाईनं आम्हाला 'हॅपी थँक्सगिव्हिंग' म्हटलं ते अंमळ सांभाळूनच.

त्या रात्री वहिनींकडेच जेवण. मसालेभात, मठ्ठा, जिलबी आणि क्रॅनबेरीचं लोणचं. हे लोणचं ज्याला सुचलं त्याचा पुतळा उभारायला हवा. मोहरीची डाळ, हिंग, मेथी, भरपूर गूळ. बेरी तेलात पडली की फुटाण्यासारखी तडतडते आणि कढईच्या बाहेर उडते. ओट्यावरचे लाल डाग आठवडाभर जात नाहीत.

आमच्या शाळेत २६ जानेवारीला शर्यत असायची. झेंडावंदन झालं की मोठ्या मुलांची शाळेपासून पोवई नाक्यापर्यंत आणि परत. अख्खं गाव रस्त्याच्या कडेला. आम्हा मुलींची शर्यत मैदानावर, लिंबू-चमचा. ती झाली की मुलींना पाण्याच्या कामावर लावायचे. मी पाचवीत असताना माझ्याकडे स्टीलचा जग होता आणि पेले दोन. मुलगा पळत यायचा, पेला ओढायचा, अर्धं पाणी डोक्यावर, अर्धं माझ्या परकरावर, पेला रस्त्यात टाकून पसार. मी पेल्यामागे धावायची. एकदा एक पेला उतारावर गडगडत जो निघाला, त्याच्यामागे मी निघाले. पेला गटाराशी थांबला तरी मी थांबले नाही. मुलं पुढं, मी मागं, हातात जग हिंदकळतोय. छान वाटत होतं एवढं आठवतं. चौकातल्या दुकानदारानं "अगं ए पोरी, कुठं निघालीस?" म्हणून हटकलं, तेव्हा भान आलं. बातमी माझ्या आधी घरी पोचली. आजी म्हणाली, "पोरीच्या जातीनं भररस्त्यातनं उंडारत जायचं?" आईनं काही न बोलता परकर पिळून वाळत घातला. अण्णांनी जग मोजून परत दिला का, तेवढं विचारलं.

मँचेस्टरला आल्यावर ज्युलिया चेसची गोष्ट कळली. कॉलेजातली पोर. तेव्हा अमेरिकेतल्या ॲथलेटिक संघटनेच्या नियमात बायकांना रस्त्यावरच्या शर्यतीत पळायची परवानगी नव्हती. १९६१ च्या थँक्सगिव्हिंगला ही पळाली, आणखी दोघीही उतरल्या होत्या. बोस्टन मॅरेथॉनला पळणाऱ्या कॅथरिन स्विट्झरचा नंबर ओढायला अधिकारी धावला ते प्रकरण १९६७ चं, जगाला ते माहीत असतं. हे त्याच्या सहा वर्षं आधीचं. पन्नास वर्षांनी, २०११ ला, ज्युलियाबाई परत आल्या आणि कॉलेजातला तोच पोशाख घालून पुन्हा पळाल्या. पन्नास वर्षं कपडा जपून ठेवणाऱ्या बाईबद्दल मला जास्तच आपुलकी वाटते. परकर तर आईनं पुढच्याच वर्षी भांडीवालीला देऊन टाकला. स्टीलची गाळणी आली त्याच्यावर.

कपड्यावरून आठवलं, एका वर्षी आम्ही फेटे बांधून गेलो होतो. इथे लोक टर्की होतात, कणीस होतात, भोपळ्याचं 'पाय' नावाचं पक्वान्न होतात, मग आपणच का मागे? बायका नऊवारीत, आतून थर्मल, पायात बूट. नऊवारी जागच्या जागी राहावी म्हणून जेवढ्या पिना लावल्या तेवढ्यांत सगळ्या शर्यतीचे नंबर लागले असते. नऊवारी पळायला फार उत्तम, हे मी अनुभवानं सांगते. फेट्याचं मात्र वाऱ्यापुढे काही चालेना. डोंबिवलीकरांचा फेटा पोर्टर स्ट्रीटवर सुटला आणि सहा-सात वार कापड मागच्यांच्या तोंडावर. तरी लोक ओरडत होते, "गो पायरेट्स!" छत्रपतींच्या राजधानीतून आलेल्या माणसाला समुद्री चाचा ठरवलं जाणं मनाला लागतं, पण तो खुलासा पळता पळता करायचा कुणी? वहिनींनी प्रयत्न केला म्हणे. त्या बोलू शकतात.

चढ हायलँड स्ट्रीटचा. पहिल्या मैलानंतर सुरू होतो आणि मैलभर संपत नाही. मी त्याला मनातल्या मनात यवतेश्वर म्हणते. खरा यवतेश्वरचा घाट याच्यापेक्षा कितीतरी अवघड, आणि २०१२ पासून साताऱ्यात त्याच घाटातून हाफ मॅरेथॉन होते, तेव्हा मी इथल्या टेकडीचं कौतुक सांगायला लागले की भाऊ नुसता "हं" करतो. आम्ही श्रावणी सोमवारी महादेवाला चालत जायचो तेव्हा त्या घाटात फक्त लाल डबा आणि आम्ही. आता म्हणे पोरी पहाटे साडेपाचला कानात गाणी घालून घाट चढतात आणि दुकानदार त्यांना काही विचारत नाहीत. अण्णांना हे सगळं पाठ आहे. कोण कितवी आली, वेळ किती, कुणाची सून, सगळं.

या गावचाच एक ज्यो मॅक्लस्की होता. मँचेस्टरची शर्यत त्यानं एकापेक्षा जास्त वेळा जिंकली. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटरच्या स्टीपलचेसला, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीला, उतरला. फेऱ्या मोजणाऱ्याचा घोळ झाला आणि सगळ्यांना एक फेरी जादा पळायला लावली. खऱ्या तीन हजारांवर मॅक्लस्की दुसरा होता. जादा फेरीत मागे पडला आणि त्याला ब्राँझ मिळालं. ही गोष्ट मी एकदा गाडीत सांगितली. सगळे हळहळले. डोंबिवलीकर खिडकीबाहेर बघत होते. म्हणाले, "त्याला निदान एकच फेरी जादा पडली."

त्यांच्या ग्रीन कार्डाच्या अर्जाला इतकी वर्षं झालीत की आम्ही आता विचारत नाही. भारतीयांची रांग किती लांब हे इथल्या प्रत्येक मराठी घरात ठाऊक असतं. दर तीन वर्षांनी व्हिसा वाढवायचा, मंजुरीचा आय-७९७ नावाचा कागद येईपर्यंत वाट बघायची. कंपनी बदलली की पुन्हा कागद. ते जन्माला आले तेव्हाही इथे ॲम्बी बर्फूट नावाचा माणूस पळत होता. १९६३ पासून दर थँक्सगिव्हिंगला पळत आलाय. नऊ वेळा ही शर्यत जिंकला आणि १९६८ ला बोस्टनही. आता म्हातारा झालाय, तरी येतो. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मला त्याच्या गुडघ्यांचं आश्चर्य वाटलं होतं. डोंबिवलीकरांचा प्रश्न वेगळा होता, "म्हणजे एवढी वर्षं हा माणूस नोव्हेंबरात इथंच होता?"

आमच्या टोळीतली दोन घरं मधल्या काळात परत गेली. एक पुण्याला, एक कॅनडात. कॅनडावाले तिथे ऑक्टोबरातल्या थँक्सगिव्हिंगला पळतात आणि फोटो पाठवतात. पुण्याचे पाठवत नाहीत. त्यांच्या जागी नवी माणसं आली, त्यांना डोंबिवलीकरांनी गर्दीत कसं उभं राहायचं ते शिकवलं.

पडद्याला दोन पिना लावल्या. टाके नंतर घालू. मग व्हॉट्सॲपवर विचारलं, नोव्हेंबरात कोण कोण आहे? वहिनींचा अंगठा लगेच आला. "यंदा मार्गशीर्ष डिसेंबरात आहे, तुम्ही सुटले," असंही लिहिलं. नव्यांपैकी एकीनं किती किलोमीटर ते विचारलं. डोंबिवलीकरांचं उत्तर रात्री आलं. "नाव धरा. आय-७९७ आला नाही अजून, पण नाव धरा."

नाव धरलं.